पस्तीस मिनिटांत रंग वाळत नाही

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला असते. आठवड्याला दोन तास, एक मंगळवारी किंवा बुधवारी आणि दुसरा बहुधा शनिवारी, प्रत्येकी ३५ मिनिटांचा. म्हणून कलाशिक्षणाबद्दल कुणी विचारलं की वेळापत्रकावर बोट ठेवलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये. त्या ३५ मिनिटांत नेमकं काय होतं, याचा एकदा हिशेब मांडायला हवा.

वर्गात ५० मुलं आहेत असं धरू. आधीच्या तासाची पुस्तकं आत जाऊन चित्रकलेच्या वह्या बाहेर यायला पाच मिनिटं. पाणी आणायला पाच, आणि नळ मजल्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर आठ. विषय समजावून सांगायला पाच. शेवटी बाकं पुसणं, ब्रश धुणं, पाणी ओतून येणं यासाठी सात-आठ मिनिटं राखली नाहीत, तर पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या असतात आणि बाकावर सांडलेला निळा रंग इंग्रजीच्या वहीला लागतो. उरली दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात जलरंगाचा एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एक सपाट थर, होतो. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत तो वाळायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. मुलाला थांबायला वेळच नसतो. ते ओल्यावरच दुसरा रंग लावतं, आकाश झाडात उतरतं, हिरव्यात तांबडा मिसळून चिखल होतो, वहीचा पातळ कागद फुगून मधोमध वर येतो. मूल म्हणतं, मला रंगवता येत नाही. त्याला येतं की नाही, हे पाहायची वेळच आलेली नसते.

शिक्षकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून ते पाणी लागणार नाही असं काहीतरी देतात. फळ्यावर चित्र काढतात, मुलं ते उतरवतात आणि तेलखडूने रंगवतात. त्यातून ते ठरलेलं निसर्गचित्र जन्माला येतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळण घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, बाजूला नारळाचं झाड, आकाशात इंग्रजी व्हीसारखे चार पक्षी. गोवंडीतल्या मुलाच्या वहीत हेच, दहिसरच्या मुलीच्या वहीत हेच. त्यांच्या खिडकीतून जे दिसतं ते मात्र वहीत कधीच येत नाही. जूनमध्ये छपरांवर चढणारी निळी ताडपत्री, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, ग्रिलला अडकवलेले ओले गणवेश, फलाटावरच्या गर्दीत फक्त डोक्यांचा दिसणारा समुद्र. रोज डोळ्यांसमोर असलेलं काढायचं असतं, ही कल्पनाच त्या तासात त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: शालेय कलाशिक्षणाचं मोल आहे की नाही, यावर वाद घालण्यात आपण फार वर्षं घालवली. ते मोल मिळण्यासाठी जो सलग वेळ, जी जागा आणि जो शिक्षक लागतो, त्यावर मात्र कुणी बोलत नाही. यातली पहिली गोष्ट, सलग वेळ, तर एक पैसाही खर्च न करता मिळू शकते. आठवड्याचे दोन सुटे तास एकत्र करून ७० मिनिटांचा एक जोडतास करायचा, एवढंच.

जोडतासात काय होऊ शकतं, हे एका तांब्यावरून दाखवता येईल.

साधा पितळी तांब्या घ्यावा, कारण पितळेवर उजेड आणि सावली ठळक दिसते. तो वर्गाच्या मध्यभागी स्टुलावर ठेवावा. एकाच बाजूच्या खिडकीचा उजेड त्याच्यावर पडू द्यावा आणि ट्यूबलाइट बंद कराव्यात. बाकं भोवताली फिरवावीत. सहावीच्या मुलांना काही न सांगता चित्र काढायला सांगावं. बहुतेक कागदांवर दोन चुका हमखास सापडतात. तांब्याचं तोंड जवळजवळ पूर्ण गोल असतं आणि बूड पट्टीने ओढल्यासारखं सरळ. म्हणजे तोंड वरून पाहिलेलं आणि बूड समोरून. हात कच्चा आहे म्हणून हे होत नाही. तोंड गोल असतं हे मुलाला माहीत आहे, तांब्या सपाट जागेवर नीट बसतो हेही माहीत आहे. जे माहीत आहे ते त्याने काढलं. समोर जे दिसतंय त्याच्याकडे त्याने अजून पाहिलेलंच नाही.

याची दुरुस्ती फळ्यावर करता येत नाही, तांब्या हातात घेऊनच करावी लागते. बसलेल्या मुलांसमोर तो त्यांच्या गुडघ्याइतका खाली धरला की तोंडाचा लंबगोल चांगला रुंद दिसतो. हळूहळू वर आणत गेलं की तो चपटा होत जातो. डोळ्यांच्या रेषेत आला की नुसती एक आडवी रेघ उरते. त्याहून वर नेला की तोंड दिसेनासं होतं आणि बुडाचा वाक उलटा दिसू लागतो. हे दोनदा करून दाखवायला तीन मिनिटं पुरतात. मग मोजमाप. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर तांब्याची उंची अंगठ्याने धरायची आणि रुंदी तिच्या किती पट आहे ते पाहायचं. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोपर वाकणं. हात जवळ आला की माप बदलतं आणि मूल गोंधळतं. नंतर मधोमध एक हलका उभा अक्ष, दोन्ही बाजूंना सारखं अंतर. लंबगोलाची टोकं केळ्यासारखी टोकदार होऊ द्यायची नाहीत, तिथेही रेघ वळतेच. बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा किंचित जास्त भरलेला, कारण बूड डोळ्यांच्या रेषेपासून जास्त खाली आहे. मग छाया. सगळ्यात गडद भाग तांब्याच्या कडेशी नसतो, कडेच्या थोडा आत असतो, कारण कडेवर स्टुलावरून परत आलेला उजेड पडलेला असतो. हे पाहायला मुलाला दहा-बारा मिनिटं टक लावून बसावं लागतं.

एवढं सगळं व्हायला एक तास लागतो. ३५ मिनिटांत मूल पहिली, चुकीची रेघ ओढतं आणि घंटा होते. चूक दुरुस्त करण्याचा भाग, म्हणजे ज्यात खरं शिक्षण आहे तो भाग, दर वेळी घंटेपलीकडेच राहतो.

या तासात शिकवली जाते ती एक सवय: मला माहीत आहे ते आणि मला दिसतंय ते, यांत फरक करण्याची. हीच सवय सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पेशी पाहताना लागते. पुस्तकातली आकृती आठवून ती वहीत उतरवणारी मुलं प्रयोगशाळेतही कमी नसतात. तरीही ‘चित्रकलेने विज्ञान सुधारतं, म्हणून चित्रकला शिकवा’ हा युक्तिवाद मी करणार नाही. कलेच्या बाजूने बोलणारे लोक हा सोपा रस्ता घेतात आणि तिथेच अडकतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या शिक्षण-संशोधन गटातल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली, तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. वर्गातल्या नाट्यामुळे मुलांची भाषा सुधारते याला त्यांना भक्कम आधार मिळाला, संगीत आणि अवकाशीय विचार (आकार आणि जागा मनात हाताळणं) यांचाही काही संबंध दिसला. पण कला शिकल्यामुळे इतर विषयांचे गुण वाढतात, असं सरसकट सिद्ध करता आलं नाही. या दोघीही कलेच्या कैवारीच होत्या, म्हणून त्यांचा हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा. गणितासाठी चित्रकला हवी असेल, तर पालक रास्तपणे म्हणतील, मग त्या वेळात गणितच करा की. भूगोल आपण दुसऱ्या विषयाचे गुण वाढावेत म्हणून शिकवत नाही. जग कसं आहे ते कळावं म्हणून शिकवतो. चित्रकलाही तशीच स्वतःच्या हक्काने वेळापत्रकात असायला हवी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासपूरक यांच्यातली भिंत नको असं म्हटलं, हे चांगलंच झालं. प्रत्यक्षात मात्र त्याचा एक सोयीचा अर्थ काढला जाण्याची भीती आहे. अन्नसाखळीचा तक्ता रंगवला, पाढ्यांना चाल लावली, म्हणजे कलेचा समावेश झाला. कलेतून दुसरा विषय शिकणं आणि कला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता रंगवताना बेडूक हिरवा होतो, पण हिरवा किती प्रकारचा असतो हे कळत नाही.

हिरव्याचा विषय निघालाच आहे, तर रंगसाहित्याबद्दल थोडं. पालक हौसेने २४ रंगांचा डबा आणतात. ज्या मुलाकडे तयार चार हिरवे असतात, ते रंग मिसळायला कधी शिकत नाही. वर्गाला चार बाटल्या पुरतात: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि पांढरा. लाल म्हणून शेंदरीकडे झुकणारा व्हर्मिलियन घेतला तर निळ्यात मिसळून जांभळा होत नाही, मळकट तपकिरी होतो, आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. म्हणून क्रिमसन. पाच मुलांचा एक गट, ५० मुलांचे दहा गट. प्रत्येक गटाला श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी स्वच्छ ठेवायचं. मिसळायला पांढरी बशी. स्टीलची ताटली नको, कारण चकाकीत रंग खरा दिसत नाही. जुन्या सुती कापडाचा एक तुकडा. गोल ब्रश ४ आणि ८ नंबरचे. सराव असा: फक्त पिवळा आणि निळा घेऊन एका कागदावर बारा वेगवेगळे हिरवे करायचे, मग त्यातल्या तीनमध्ये सुईच्या टोकावर मावेल एवढाच क्रिमसन घालून पाहायचं. त्यानंतर मुलांना शाळेबाहेरच्या पिंपळाची कोवळी आणि जून पानं समोर ठेवून रंग जुळवायला द्यायचा. कोवळं पान तांबूस असतं, हिरवं नसतंच, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

बिघडतं काय, तेही सांगायला हवं. ब्रश पाण्यात केस खाली करून उभे ठेवले की आठवड्याभरात वाकडे होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. पोस्टर कलरच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं तर मे महिन्यात रंगाचा दगड होतो आणि ऑगस्टमध्ये त्यावर बुरशी येते. लवंगतेलाचा थेंब टाकला तर बुरशी लांबते, पण झाकण घट्ट लावणं हाच खरा उपाय. कागदाचे गठ्ठे बाहेरच्या भिंतीला लागून ठेवले की ओल धरते आणि त्यावर पिवळे ठिपके पडतात. ओली चित्रं लगेच दोरीला लटकवली तर रंग ओघळतात. आधी दहा मिनिटं आडवी ठेवायची, मग सुतळीला चिमट्याने लावायची. या सगळ्यासाठी एक कुलपाचं कपाट, एक सुतळी आणि जवळ एक नळ लागतो. वेगळी कलादालनं, स्मार्ट बोर्ड यांची मागणी नंतर करू.

मातीचंही तसंच. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास मुंबईच्या शाळांत शाडूच्या गणपतीची कार्यशाळा होते, आणि ते चांगलंच आहे. पण दोन तासांत पन्नास मुलांच्या हातून मूर्ती व्हायची म्हणजे साचा आला. मुलं माती दाबतात, साचा उघडतात, फोटो निघतो. मातीशी ओळख होत नाही. शाडू आदल्या दिवशी भिजवून, तिंबून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला हवी. तिंबताना हवेचे बुडबुडे गेले नाहीत तर वाळताना तिथेच फुगवटा आणि भेग येते. सोंड लावायची वेळ आली की मुलं नुसतं पाणी लावून चिकटवतात, आणि दोन दिवसांनी सोंड गळून पडते. जोडायच्या दोन्ही जागा खरवडून, मध्ये मातीची पातळ राबडी लावून दाबायला हवं. पोट भरीव ठेवलं तर बाहेरची बाजू आधी वाळून आकसते आणि आतली ओली राहते, मग चीर पडणारच. म्हणून आतून पोकळ करायचं. उन्हात ठेवायचं नाही. पावसाळी हवेत सावलीत वाळायला आठ-दहा दिवस द्यायचे. यातली एकेक गोष्ट मुलाला पदार्थाचं वागणं शिकवते. पण त्यासाठी माती त्याच्या हातात एकदा नाही, सलग चार-पाच आठवडे यायला हवी. कार्यशाळा हा सोहळा आहे, तो शिक्षणाच्या शेवटी शोभतो.

आता गुणांचा प्रश्न, कारण पालकांशी बोलताना गाडी तिथेच येऊन थांबते.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. त्यांचा आराखडा मला आजही चांगला वाटतो. समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, स्मरणचित्र, नक्षीचं संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन: पाहणं, आठवणं, रचना करणं आणि अचूकपणे मोजणं, चारही गोष्टी त्यात आहेत. पुढे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले, ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. गुणांमुळे पालकांचं लक्ष चित्रकलेकडे वळलं, शाळांनी परीक्षेची केंद्रं मागितली, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरात चित्रकलेला ‘वेळ घालवणं’ म्हटलं जायचं, तिथे ब्रश आला.

पण त्याबरोबर पाठांतरही आलं. सगळ्यात वाईट गत स्मरणचित्राची झाली. मूळ कल्पना अशी की पाहिलेला प्रसंग, त्यातली माणसं, त्यांच्या उभं राहण्याच्या तऱ्हा मुलाने मनात साठवाव्यात आणि त्यातून चित्र रचावं. आता परीक्षेच्या आधी तीन आठवडे आठ-दहा ठरावीक चित्रं घोटून घेतली जातात: भाजीबाजार, बसस्टॉप, दहीहंडी, क्रिकेट, रक्षाबंधन. तीच बाई टोपली घेऊन उजवीकडे, तोच मुलगा पाठमोरा डावीकडे, विषय बदलला की टोपलीच्या जागी छत्री. मुलगा रोज सकाळी खऱ्या बसस्टॉपवर उभा असतो आणि परीक्षेत क्लासमधला बसस्टॉप काढतो. शिवाय आठवीत इंटरमिजिएट पदरात पडली की चित्रकला संपते. नववी-दहावीत, म्हणजे ज्या वयात मूल खरोखर बारकाईने पाहू शकतं, त्या वयात ब्रश माळ्यावर जातो.

यावर परीक्षा बंद करणं हा उपाय नाही. गुण द्यायचेच असतील तर त्यातले काही वर्षभराच्या कामाच्या फाईलला द्यावेत. फाईलमध्ये पूर्ण झालेली चित्रं कमी आणि कच्ची रेखाटनं जास्त असावीत: एकाच तांब्याची पाच, एकाच हाताची दहा, तारखेसह. घोटून आणलेलं चित्र एका दिवसात काढता येतं, पण जूनपासून फेब्रुवारीपर्यंत रेघ कशी बदलत गेली, हे घोटता येत नाही. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं. दहावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांना आपण तो वेळ काढतोच.

तपासायचं कुणी, हा पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे ते विषय शिकवणारी माणसं, सांगितले आहेत. म्हणजे पहिली ते पाचवीला कलेसाठी वेगळा माणूस कायद्यात नाही, आणि त्याच वयात मूल सगळ्यात मोकळेपणाने चित्र काढतं. नऊ-दहा वर्षांचं झालं की ते स्वतःच्या चित्राची खऱ्या वस्तूशी तुलना करू लागतं आणि ‘मला येत नाही’ म्हणतं. त्या वळणावर शिकलेला कलाशिक्षक समोर नसेल, तर बरीच मुलं आयुष्यभरासाठी पेन्सिल खाली ठेवतात. आणि जिथे कलाशिक्षक आहे, तिथे त्याच्या हातून काय करून घेतलं जातं? पाहुणे येणार म्हटलं की फलकलेखन, प्रमाणपत्रांवर नावं, स्नेहसंमेलनाचा पडदा, प्रवेशद्वाराची रांगोळी. पदविका घेतलेला माणूस वर्षातले कित्येक तास शाळेचा सजावटकार म्हणून वापरला जातो, आणि त्याच दिवसांत त्याच्या तासाला गणिताचे सर ‘जरा दहा मिनिटं’ म्हणून शिरतात. इतर कुठल्याही विषयाचा तास इतक्या सहज दुसऱ्याला देता येत नाही.

संगीताबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती लगेच सुधारता येते. शाळेची प्रार्थना अनेकदा शिक्षकांच्या गळ्याच्या पट्टीत होते. पुरुष शिक्षक काळी एक किंवा काळी दोनमध्ये, म्हणजे पहिली किंवा दुसरी काळी पट्टी सा मानून, पेटी धरतात, आणि दहा वर्षांची मुलं त्या खालच्या सुरात गाऊ शकत नाहीत, नुसती गुणगुणतात किंवा ओरडतात. या वयाचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. पट्टी बदलली की त्याच दिवशी प्रार्थना वेगळी ऐकू येते. आवाज फुटू लागलेल्या आठवी-नववीच्या मुलांना मात्र गप्प बसवू नये, त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावं.

मुंबईच्या शाळांना आणखी एक सोय आहे, जी दुसऱ्या फारशा गावांना नाही. शहर स्वतः चित्रशाळा आहे. सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ चं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरचं कोरीवकाम करण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचे हात होते. मोर, माकडं, पानं-फुलं रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर आहेत. महात्मा फुले मंडईच्या दारावरची उठावशिल्पं जे. जे.मध्येच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यातली. राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि बाहेर घारापुरीहून आणलेला, तुटल्यावर पुन्हा जोडलेला दगडी हत्ती उभा आहे. शाडूत हात घातलेल्या मुलाने त्या मूर्ती पाहिल्या, तर जोड कुठे असेल ते तो शोधू लागतो.

पण सहल म्हणून गेलं तर यातलं काही होत नाही. एका तासात तीन दालनं, रांगेत, बोटं ओठांवर, आणि पाटीवरची माहिती वहीत उतरवणं. मुलं वस्तूकडे पाठ करून पाटीकडे पाहत असतात. त्याऐवजी एक वस्तू, वीस मिनिटं. पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला अर्ध्या आकाराचा कागद, एक ४बी पेन्सिल, खोडरबर घरी. पहिली पाच मिनिटं काढायचं नाही, फक्त पाहायचं. दगडी हत्तीचा सांधा कुठे दिसतो ते शोधा, एवढंच सांगायचं. सकाळी साडेदहानंतर लोकलची गर्दी ओसरते, तेव्हा निघून साडेतीनच्या आत परत यावं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं. वर्षातून अशा दोन फेऱ्या पुरेत.

हे सगळं मी शाळेकडे का मागते आहे, असं कुणी विचारेल. आवड असेल त्याने क्लास लावावा. शिवाजी पार्कात, पार्ल्यात, मुलुंडमध्ये चित्रकलेचे, तबल्याचे, नाट्याचे वर्ग आहेतच, आणि ज्यांना परवडतं ती मुलं जातातही. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसं आहेत, कागद पसरायला जमीन रात्री अकरानंतर मोकळी होते, त्या मुलासाठी शाळेचं बाक हीच एकमेव जागा आहे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत हीच मुलं बहुसंख्येने आहेत. शाळेतला तास वाया गेला तर कला ही पैसेवाल्यांच्या मुलांची गोष्ट होते. ‘आधी छप्पर आणि बेंच, मग रंग’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की जोडतासाला छपराचे पैसे लागत नाहीत.

जोडतास मागताना मुख्याध्यापकांची अडचणही समजून घ्यावी. दोन अधिवेशनांच्या, म्हणजे सकाळ-दुपार दोन पाळ्यांत भरणाऱ्या, शाळेत वर्गखोली दुपारच्या तुकडीला वेळेवर रिकामी करून द्यावी लागते. म्हणून जोडतास अधिवेशनाच्या शेवटी ठेवू नये, मधल्या सुट्टीच्या आधी ठेवावा. आवराआवर लांबली तर सुट्टीतली पाच मिनिटं जातात, दुसऱ्याचा तास जात नाही. शनिवार टाळावा, कारण वर्षातले कितीतरी शनिवार सुट्टीत, अर्ध्या दिवसात किंवा कार्यक्रमांत जातात. आठवड्याच्या तासांची एकूण संख्या तीच राहते, त्यामुळे विषय शिक्षकांची तक्रार असायचं कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य असतातच. वेळापत्रक पक्कं होण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, हा मुद्दा लेखी मांडावा. आणि कलेचा तास दुसऱ्या विषयाला दिला तर तो त्याच आठवड्यात परत मिळेल, हेही लिहून घ्यावं.

मग ऑगस्टमध्ये पालकसभेला गेलात की वर्गाच्या भिंतीकडे पाहा. सुतळीला चाळीस-पन्नास तांबे टांगलेले असतील. ते सगळे एकसारखे असतील, उजेड सगळ्यांच्या डाव्या बाजूलाच असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेले आहेत. खिडकीजवळ बसलेल्या मुलाचा तांब्या जवळजवळ सगळा उजळ असेल, समोरच्या मुलीचा काळोखा असेल, मागच्या उंच बाकावरच्या मुलाला तोंडाचा लंबगोल रुंद दिसला असेल आणि पुढे खाली बसलेल्याला चपटा, तर त्या वर्गात जोडतास झालेला आहे.